सोवळ्यातले बंड

कलावंताची निंदा करण्याच्या ज्या अनेक तऱ्हा आपल्याकडे रूढ आहेत, त्यांत 'तो विकला गेला' ही सर्वांत सोपी. हिला पुरावा लागत नाही, अभ्यास लागत नाही. कवीने सरकारी पारितोषिक घेतले, विकला गेला. नटाने नाटक सोडून सिनेमा धरला, विकला गेला. शाहिराने जाहिरातीला आवाज दिला, तोही विकला गेला. म्हणणाऱ्याचे एका पैचे नुकसान होत नाही आणि वर आपण स्वतः अविकाऊ असल्याचे समाधान फुकट पदरात पडते. आपल्याला विकत घ्यायला कोणी गिऱ्हाईकच आले नव्हते, ही अडचणीची गोष्ट त्या समाधानात सहज विसरता येते.

ह्या आरोपाची एकदा नीट झडती घेतली पाहिजे. पण घरचे उदाहरण घेतले की लगेच पक्ष, जात आणि गट उभे राहतात, आणि मूळ प्रश्न बाजूला पडून माणसांचे हिशेब चुकते होऊ लागतात. म्हणून मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. इंग्लंडातल्या लीड्स शहरी 'चंबावंबा' ह्या विचित्र नावाचा एक गायकवृंद होता. नावात अर्थ शोधू नये. १९८२ ते २०१२ अशी तीस वर्षे तो गात राहिला, आणि त्या तीस वर्षांतली शेवटची पंधरा ह्याच एका आरोपाच्या छायेत गेली.

हा वृंद पंक जातीचा. पंक म्हटले की रंगवलेले, उभे केलेले केस आणि कानात टाचण्या एवढेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात ही लाट उठली, तेव्हा तिच्यामागे एक साधी कल्पना होती. गाण्यासाठी उस्तादी लागत नाही. मनात सांगण्यासारखे काही असले आणि हातात एखादे वाद्य असले की पुरे. ह्या लाटेतलीच काही मंडळी अराज्यवादी झाली. अराजक हा शब्द ऐकला की आपल्याला लुटालूट आठवते. पण अराज्यवाद म्हणजे कोणी कोणावर राज्य करू नये, माणसांनी आपले व्यवहार परस्परांच्या संमतीने आणि साहाय्याने चालवावेत, हा विचार. विनोबांच्या शासनमुक्तीची ज्यांना आठवण आहे त्यांना तो अगदीच परका वाटू नये. मात्र ह्या पोरांच्या तोंडची भाषा विनोबांना मानवली नसती.

ह्या पंथाचे आद्य आचार्य म्हणजे 'क्रॅस' हा वृंद. एसेक्स परगण्यात, एपिंगच्या रानाजवळच्या 'डायल हाउस' नावाच्या जुन्या घरात ही मंडळी एकत्र राहत. १९७७ साली त्यांनी गायला सुरुवात केली. तबकडीच्या वेष्टनावर ते 'ह्याहून जास्त पैसे देऊ नका' असे बजावून किंमत छापत, म्हणजे दुकानदाराची फसवणूक चालू नये. मोठ्या कंपनीच्या दारात ते कधी गेले नाहीत. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर त्यांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर ह्यांच्यावर अशी एक तबकडी काढली की पार्लमेंटात तिची चर्चा झाली. १९८४ च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या संपकरी खाणकामगारांच्या मदतीसाठी कार्यक्रम करून ह्या मंडळींनी आपले दुकान बंद केले. नवख्यांना वाव द्यावा म्हणून क्रॅसने १९८२ साली जी एक तबकडी काढली होती, तीत चंबावंबाचे पहिलेवहिले गाणे होते. म्हणजे घराणे अस्सल होते.

चंबावंबातली मूळ मंडळी लँकेशायरातल्या बर्नली ह्या गिरणगावची. लीड्समध्ये आल्यावर आर्म्ली भागात रिकामे पडलेले एक मोठे घर त्यांनी ताब्यात घेतले आणि तिथे एकत्र बिऱ्हाड केले. मिळकत सर्वांत सारखी वाटायची, हा नियम. गाणारा, वाजवणारा, ढोल बडवणारा, सगळ्यांचा वाटा तोच. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात त्यांनी संपकऱ्यांसाठी गाऊन पैसे उभे केले. इथिओपियातल्या दुष्काळासाठी जुलै १९८५ मध्ये लंडन आणि फिलाडेल्फिया इथे बड्या गायकांचा प्रचंड जलसा झाला. सारे जग डोळे पुसत असताना ह्या मंडळींनी १९८६ साली स्वतःच्या खर्चाने पहिली मोठी तबकडी काढली, आणि तिला नाव दिले 'उपाशी मुलांची चित्रे रेकॉर्डी खपवतात'. भूक ही आकाशातून पडत नाही, तिच्यामागे राज्यकर्ते आणि बाजार असतात. त्यांच्याविषयी मौन बाळगून केलेल्या दानाने दात्याचीच कीर्ती वाढते, असे त्यांचे म्हणणे. १९८८ साली त्यांनी १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावापासून १९१४ पर्यंतची इंग्लिश बंडाची गाणी वाद्यांवाचून, नुसत्या गळ्यांवर गाऊन दाखवली. पंकवाल्यांनी लोकगीते गावीत हे तेव्हाच काहींच्या कपाळावर आठ्या आणणारे होते.

पण ते सारे चालले. चालले नाही ते १९९७ साली घडलेले. त्या वर्षी चंबावंबाने ईएमआय ह्या बलाढ्य कंपनीशी करार केला. ही तीच कंपनी, जिच्या विरोधात १९८९ साली निघालेल्या एका तबकडीत ह्यांनी स्वतः गाणे दिले होते. त्या तबकडीच्या शीर्षकात कंपनीच्या नावाआधी जो शब्द होता, तो दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही. रागाचे कारण असे की, ईएमआय तेव्हा थॉर्न ह्या उद्योगसमूहाशी जोडलेली होती, आणि थॉर्न युद्धसामग्रीच्या धंद्यात होती. करारानंतर आलेले 'टबथंपिंग' हे गाणे इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले, अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. टबथंपिंग म्हणजे पिंप बडवावे तसे व्यासपीठ बडवीत आवेशाने भाषण ठोकणे. पडणाऱ्या आणि पुन्हा उठणाऱ्या सामान्य माणसाचे हे गाणे. त्याला दारूच्या गुत्त्याची पार्श्वभूमी आहे.

झाले. कालचे सोबती आज फिर्यादी झाले. १९९८ साली काही पंक वृंदांनी मिळून चंबावंबाच्या निषेधार्थ एक तबकडी काढली, आणि तिचे नाव त्यांच्याच पहिल्या तबकडीच्या नावाचे विडंबन करून 'निर्लज्ज ढोंग रेकॉर्डी खपवते' असे ठेवले. विनोद चांगला आहे. प्रश्न असा की, आरोप खरा आहे काय?

फिर्यादींची बाजू तीन मुद्द्यांत मांडता येते. मी ती शक्य तितकी बळकट करून मांडतो, कारण दुबळ्या प्रतिपक्षाला चीत करण्यात पुरुषार्थ नाही.

पहिला मुद्दा असा की, बंडखोराने शत्रूच्या पैशाला शिवू नये. ऐकायला हे फार थोर वाटते. पण ह्या विचाराची जात आपण मराठी माणसांनी तरी ओळखायला हवी. हे सोवळे आहे. सोवळ्यात विचारतात ते कोण कोणाला शिवले एवढेच. शिवल्यावर काय केले, कोणाचे भले झाले, कोणाचे वाईट झाले, हा प्रश्न तिथे संभवत नाही. आणि सोवळ्याची मौज अशी की, ते कधीच पुरते पाळता येत नाही. ज्या प्लास्टिकची तबकडी होते ते खनिज तेलापासून निघते. वाद्यांना वीज लागते, आणि वीज विकणारे काही संत नसतात. लहान कंपनी झाली तरी नफ्यासाठीच चालते. चंबावंबाचे म्हणणे नेमके हेच होते की, भांडवली बाजारात बहुतेक प्रत्येक कंपनी भांडवली रीतीनेच वागते, आणि थॉर्नशी असलेला ईएमआयचा संबंध एव्हाना तुटलेला आहे. ह्यातले दुसरे विधान तपासता येते, आणि ते खरे होते. त्या दोन कंपन्या १९९६ साली वेगळ्या झाल्या. म्हणजे ज्या कारणासाठी शिवी दिली होती ते कारण गेल्यावर ह्यांनी व्यवहार केला. एवढा तपशील पाहायला फिर्यादींपाशी सवड नव्हती. सोवळे असेच असते. विटाळ का मानला हे विसरले तरी विटाळ उरतो.

आता शिवल्यावर ह्यांनी काय केले ते पाहू. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी लंडनला ब्रिट पारितोषिकांचा सोहळा होता. त्या सोहळ्यात चंबावंबातल्या डॅनबर्ट नोबेकन ह्या गायकाने उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट ह्यांच्या अंगावर गार पाण्याचे भांडे ओतले. का ओतले? लिव्हरपूलच्या सुमारे पाचशे गोदीकामगारांना १९९५ च्या सप्टेंबरात कामावरून काढले होते. संपकऱ्यांची फळी ओलांडून आत जायला त्यांनी नकार दिला, हा त्यांचा गुन्हा. सव्वादोन वर्षांहून अधिक काळ ते झगडले. १९९७ साली मजूर पक्ष सत्तेवर आला. गोदीच्या कंपनीत सरकारचाही भाग होता. तरी सरकारने हात वर केले. जानेवारी १९९८ मध्ये कामगार हरले. आणि प्रेस्कॉट कोण? तरुणपणी जहाजावर वाढप्याचे काम केलेला, खलाशांच्या युनियनमधून वर आलेला माणूस.

सभ्य माणसाने दुसऱ्याच्या अंगावर पाणी ओतावे काय? ओतू नये. मी माझ्या मुलांना तसे शिकवणार नाही. पण मला एवढेच विचारायचे आहे की, पाचशे घरांच्या चुली मंदावल्या तेव्हा ज्यांना सभ्यतेची आठवण झाली नाही, त्यांना ती एका मंत्र्याचा कोट भिजल्यावर कशी झाली? त्याच रात्री ह्या मंडळींनी आपल्या गाजलेल्या गाण्याचे शब्द बदलून त्यात गोदीकामगारांच्या विश्वासघाताचा उल्लेख घातला होता. ईएमआयचा करार नसता तर त्या सभागृहात ह्यांना दाराबाहेरचा पहारेकरीदेखील आत सोडता ना. विकल्या गेलेल्या माणसाची खूण अशी असते की, विकत घेणाऱ्याच्या मेजवानीत तो नीट वागतो. हे नीट वागले नाहीत.

अमेरिकेतही तसेच. डेव्हिड लेटरमन ह्यांच्या दूरदर्शन-कार्यक्रमात गाताना मधेच त्यांनी मुमिया अबू-जमाल ह्या, तेव्हा फाशीच्या छायेत असलेल्या कृष्णवर्णी कैद्याच्या सुटकेची मागणी घुसडली. ह्याच वृंदातल्या ॲलिस नटर ह्या बाईंनी दुसऱ्या एका अमेरिकन कार्यक्रमात सांगून टाकले की, ज्यांना आमची रेकॉर्ड परवडत नाही त्यांनी ती बड्या दुकानांतून उचलावी. व्हर्जिनच्या दुकानांनी ती रेकॉर्ड मांडणीवरून काढून गल्ल्यामागे ठेवली. चोरीचा हा उपदेश मला मुळीच मान्य नाही. दुकानात राबणाऱ्या नोकराला त्याचा जाब द्यावा लागतो. तरीपण बाजारात विकली गेलेली माणसे आपलाच माल चोरून न्या असे सांगताना कोणी पाहिली आहेत काय?

पैशाचा हिशेबही पाहू, कारण आरोप शेवटी पैशाचा आहे. जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या जाहिरातीत 'टबथंपिंग' वापरण्यासाठी नायकी ह्या बुटांच्या कंपनीने पंधरा लाख डॉलर देऊ केले. ह्यांनी नकार दिला. निर्णयाला अर्धा मिनिट लागला असे ते सांगत. उलट २००२ साली जनरल मोटर्सने पाँटिॲक मोटारीच्या जाहिरातीसाठी त्यांचे दुसरे एक गाणे मागितले, तेव्हा त्यांनी होकार दिला. सुमारे सत्तर हजार पौंड आले. ते त्यांनी इंडीमीडिया आणि कॉर्पवॉच ह्या, बड्या कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या संस्थांना देऊन टाकले, आणि त्या पैशातून खुद्द जनरल मोटर्सच्याच कारभाराविरुद्ध प्रचाराची मोहीम निघाली. सावकाराच्याच पैशाने सावकाराविरुद्ध दावा लावण्याचा हा प्रकार सोवळ्यात बसत नाही हे खरे. पण ज्या सोवळ्या माणसाने तेवढेच पैसे नाकारले असते, त्याच्या नकारातून त्या संस्थांना किती मिळाले असते?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. गाणे गाजले, पण त्याचा अर्थ हरवला. मैदानांवर, दारूच्या गुत्त्यांत, कचेरीच्या सहलींत लोक ते ओरडून गातात. त्यातला कामगार, त्याचे पडणे, त्याचे उठणे कोणाच्या ध्यानीही नसते. इतकेच काय, २०११ साली युकिप ह्या, परदेशी माणसांविरुद्ध मते मागणाऱ्या पक्षाने आपल्या अधिवेशनात ते वाजवले. २०२४ साली न्यूझीलंडचे नेते विन्स्टन पीटर्स ह्यांनी आपल्या सभेत ते वापरले. दोन्ही वेळा वृंदातल्या मंडळींनी जाहीर निषेध केला. फिर्यादी म्हणतात, पाहा, हे बाजारात गेल्याचे फळ. लहान राहिला असता तर तुमचे गाणे तुमच्यापाशी राहिले असते.

हे खरे आहे, आणि त्याचे दुःख त्या मंडळींना असणार. पण ह्याला विकले जाणे म्हणत नाहीत, पसरणे म्हणतात. जे गाणे लाखो गळ्यांत जाते त्यातले काही गळे नको ते असणारच. आपल्या स्वातंत्र्याच्या आणि सुधारणेच्या घोषणाही आज कोणाकोणाच्या तोंडी आहेत ते आपण पाहतोच. त्यावरून त्या घोषणा ज्यांनी प्रथम दिल्या त्यांनी त्या चार मित्रांतच ठेवायला हव्या होत्या असे कोणी म्हणत नाही. शंभर समविचारी माणसांच्या खोलीत गायलेले गाणे चुकीच्या माणसाच्या तोंडी जाणार नाही हे खरे, पण ते बरोबर माणसाच्या तोंडीही नव्याने जाणार नाही, कारण तिथली माणसे आधीच पटलेली असतात. कीर्तनकार देवळाच्या गाभाऱ्यात कीर्तन करीत नाही, सभामंडपात करतो. तिथे झोपायला आलेलेही असतात.

तिसरा मुद्दा असा की, एवढे करून काय बदलले? गोदीकामगार हरलेच. जनरल मोटर्स सत्तर हजार पौंडांनी बुडाली नाही. ईएमआयने ह्यांच्या गाण्यावर पैसा मिळवला. भांडवलशाहीचे पोट मोठे आहे, ती बंडही पचवते. मला हा मुद्दा सर्वांत अप्रामाणिक वाटतो. कारण तो ज्यांच्या तोंडी असतो त्यांनी तरी काय बदलले? क्रॅसने सोवळे राखले आणि ते आदराला पात्र आहेत. पण थॅचरबाई क्रॅस संपल्यावरही सहा वर्षे राज्य करीतच होत्या. गाण्याने सरकारे पडत नाहीत, मग ते छोट्या कंपनीचे असो की मोठ्या. गाण्याने एवढेच होते की, एकट्या पडलेल्या माणसाला आपण एकटे नाही असे वाटते, आणि निर्धास्त बसलेल्या माणसाची झोप एखाद्या रात्रीपुरती मोडते. ही दोन्ही कामे चंबावंबाने केली. शिवाय मोठ्या कंपनीशी संबंध संपल्यावर ही मंडळी रडत बसली नाहीत. पुन्हा आपल्याच नावावर तबकड्या काढू लागली, आणि अखेरची काही वर्षे चार-पाच जणांनी साध्या वाद्यांवर लोकगीतांच्या चालीची गाणी छोट्या सभागृहांत गायली. २०१२ च्या ऑक्टोबरात लीड्समध्ये निरोप घेतला. श्रीमंतीची चटक लागलेल्या माणसांचा शेवट असा होत नाही.

ह्या मंडळींचे सगळेच मला रुचते असे नाही. थॅचरबाईंच्या मृत्यूनंतर पाठवायची म्हणून त्यांनी २००५ सालीच एक तबकडी तयार करून आगाऊ मागणी घेतली होती, आणि एप्रिल २०१३ मध्ये बाई वारल्यावर ती खरोखरच घरोघर पोचती केली. मेल्यावर वैर संपते असे मानणाऱ्या घरात मी वाढलो, आणि मला ते खटकले. पण एखाद्या माणसाची कृती न रुचणे निराळे आणि तो विकला गेला असे म्हणणे निराळे. खरे म्हणजे ही कृती त्या आरोपाला उत्तरच आहे. विकली गेलेली माणसे इतका दीर्घ राग बाळगीत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. वाचकहो, हा अंक आपल्या हाती आहे, आणि ह्यासारखे पुष्कळ अंक दरवर्षी निघतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा आहे. कोणताही दिवाळी अंक उघडा आणि जाहिरातींची पाने मोजा. सोन्याचांदीच्या पेढ्या, बँका, मसाले, घरे बांधणारे. ह्या पानांवाचून अंक निघाला तर त्याची किंमत ऐकून आपल्यातले किती जण तो विकत घेतील? मग ह्या अंकातली प्रत्येक कविता आणि प्रत्येक कथा विकली गेली आहे काय? तसे कोणी म्हणत नाही, आणि म्हणू नये. संपादकाला विचारण्याचा प्रश्न दुसरा आहे. ज्या पेढीची जाहिरात तुम्ही छापता, तिच्याविरुद्ध लिहिलेला लेखही तुम्ही छापाल काय? ह्याचे उत्तर 'हो' असेल तर जाहिरात हा व्यवहार आहे. 'नाही' असेल तर ती किंमत आहे.

कलावंतालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. त्याने कधी कोणाला 'नाही' म्हटले काय? आलेले पैसे कुठे गेले? आणि पैसे आल्यावर त्याचे तोंड बंद झाले काय? उत्तरे वाईट आली तर त्याला खुशाल झोडपावे. असे कलावंत आपल्याकडे आहेत, आणि त्यांची गय करण्याचे कारण नाही. पण प्रश्न न विचारता नुसता स्पर्श पाहून निकाल देणारा माणूस, आणि 'शेवटी सगळेच विकले जातात' म्हणून हसणारा व्यवहारी माणूस, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. एकाला कलावंत मेलेला चालतो, दुसऱ्याला मिंधा झालेला चालतो. तो ताठ मानेने जगावा ह्यासाठी स्वतःच्या खिशात हात घालायची दोघांचीही तयारी नसते.

म्हणून पुढच्या खेपेस कोणाविषयी 'विकला गेला' हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबावे, आणि त्याच्या गाण्याला, पुस्तकाला किंवा नाटकाला गेल्या वर्षभरात आपण स्वतः किती पैसे दिले, तेवढे आठवून पाहावे.